शिक्षकांची शिबिरं : डोंगर, खापरं आणि उलटा पाऊस

गवतफूल
आज माळा आवरताना जुनी वही सापडली, पानात दाबलेलं कारवीचं फूल होतं, हात लावला तर भुगाच झाला. नाणेघाटातलं. जुन्नरला आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं, पर्यावरण आणि पुरातत्त्व. मी नोकरीत नवीन, सातवाहन म्हणजे पुस्तकातले दोन परिच्छेद. लेण्यात सरांनी काही सांगितलंच नाही, नुसतं भिंतीकडे बोट करून म्हणाले, शोधा. समोरून टॉर्च मारला तर सगळी भिंत सपाट. मग तिरका धरला आणि अक्षरं वर आली की हो! ब्राह्मी कुणाला येतेय, पण त्यातले आकडे सरांनी दाखवले. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञात किती गाई, किती घोडे दिले ते कोरलंय. मागच्या भिंतीवर राजाराणीच्या पुतळ्यांचे फक्त पाय उरलेत, वर नावं. आमच्यातल्या एक बाई पायांना नमस्कार करून आल्या :)
तुम्हीपण लिहा, कोण कोण गेलंय.

खडूवाला
तिथला पाऊस खालून वर येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. छत्रीचं पार फूल झालं. तो घाटमाथ्यावरचा दगडी रांजण, जकातीचा म्हणतात तो, आमच्या एका गुरुजींनी आत वाकून बघितला आणि चष्मा आत. पुढचा अर्धा तास जकात वसुली.

मास्तरीणबाई
😂😂 आमच्याकडे भीमाशंकर. शेकरूची घरटी मोजायची होती. एकच शेकरू चारपाच घरटी बांधतं हे शेवटी सांगितलं, तोवर आमच्या गटाने जंगल शेकरूंनी भरून टाकलेलं. आणि बायकांसाठी सोय काय तर "मागे झाडी आहे". असो, त्यावर लिहिलं तर वेगळा धागा होईल.

नदीकाठ
इनामगाव, घोड नदीकाठचं तीनेक हजार वर्षांपूर्वीचं गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं खोदलेलं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर बसून ऐकलं की लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात घालून घरातच जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. का, तर बहुधा परत चालत येऊ नये म्हणून. माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा, आईकडे ठेवून आले होते. पुढचं काही ऐकू आलं नाही मला, रात्री एसटीडी बूथ शोधत गावभर फिरले.

गवतफूल
@नदीकाठ अगं 🙏 

तिखटमीठ
जुन्नर आणि मासवडीचं कुणीच नाव काढत नाही? त्या शिबिरातलं मला तेवढंच आठवतंय. रस्सा असा की नाकातून पाणी. कुणाकडे रेसिपी आहे का, माझी वडी नेहमी फुटते.

मास्तरीणबाई
बेसन ढिलं राहतंय तुमचं. ओल्या फडक्यावर थापा, सारण कोरडं.

भाडेकरू
एक कबुली देतो. शिबिरात नांगरलेल्या रानातून एक खापर खिशात घातलं होतं. लाल, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की टण्ण. जोर्वे, म्हणजे इनामगावची माणसं वापरायची तसलं, म्हणाले सर. त्यांना सापडलं एवढंच सांगितलं, खिशात गेल्याचं नाही.

खडूवाला
अहो पहिल्याच दिवशी सांगतात ना, उचलायचं नाही! कुठल्या थरात, कशाशेजारी हे गेलं की खापर नि कौल सारखंच.

भाडेकरू
माहितीय हो. म्हणून तर पोरांना कधी दाखवता आलं नाही. वीस वर्षं बोर्नव्हिटाच्या डब्यात आहे.

तिखटमीठ
फडक्याची आयडिया चालली!! फोटो टाकते उद्या.

नदीकाठ
@भाडेकरू फोटो टाका ना खापराचा.

भाडेकरू
डबा बघितला. नाहीये. आईंना विचारलं, तर तुळशीच्या कुंडीचं भोक झाकायला घातलं म्हणे, दोन पावसाळे झाले.

गवतफूल
तुळस कशी आहे?

भाडेकरू
जोरात.