बारा महिने भटकायचंय : ऋतूप्रमाणे काय आणि कसं ठरवावं?

पायवाट

नमस्कार मंडळी,
आम्ही दोघं आणि आमची अकरा वर्षांची लेक. आतापर्यंत आमची भटकंती म्हणजे पावसाळ्यात दोन-तीन वेळा डोंगरावर जाऊन येणं, एवढीच. परवा लेकीनं विचारलं, "आई, आपला डोंगर उन्हाळ्यात कसा दिसतो गं?" मला सांगता येईना, कारण मीही कधी पाहिलेला नाही. तेव्हापासून वर्षभर बाहेर पडायचं मनात घेतलंय. तिघंही सात-आठ किलोमीटर चालतो, चढाची सवय मात्र बेताची. दर ऋतूत जागा बदलावी का? आणि मूल बरोबर असताना कुठल्या ऋतूत काय सांभाळायचं? अनुभवाचं सांगा.

धारेवरचा

ताई, लेकीच्या प्रश्नातच उत्तर आहे. निदान एक जागा वर्षभर धरून ठेवा. मी एका डोंगरधारेवर सहा वर्षं जातोय. पहिल्या खेपेला फक्त वाट दिसली. चौथ्या-पाचव्या खेपेपासून सावली किती वाजता कुठे सरकते, पाणी कुठवर टिकतं, वारा कुठल्या खिंडीतून अंगावर येतो हे कळायला लागलं. पानं झडली की डोंगराची हाडं दिसतात, कातळाचे थर मोजता येतात. पावसाळ्यात यातलं काहीच दिसत नाही.

थंडीत एक दिवस सूर्योदयाआधी माथ्यावर पोचाच. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमीन झपाट्यानं निवते, गार जड हवा उतारावरून दरीत उतरते आणि तिथे धुकं साचतं. तुम्ही वर, ढगांचा समुद्र खाली. ऊन चढलं की तो विरू लागतो, म्हणून उशीर करून चालत नाही. अंधारात चढायचं तर वाट दिवसा पाहिलेली हवी, आणि प्रत्येकाच्या डोक्याला स्वतंत्र विजेरी.

वेळेचा हिशेब मी नेस्मिथच्या नियमानं करतो. या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो 1892 मध्ये मांडला : 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर सुमारे 2 तास 36 मिनिटं. यात विश्रांती धरलेली नाही, तेव्हा मुलीबरोबर सरळ चार तास धरा. मग अंधार पडायच्या वेळेपासून उलटं मोजून परत फिरायची वेळ ठरवा. ती झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे वळायचं. थंडीत दिवस लहान, म्हणून ही वेळ दर ऋतूत नव्यानं काढावी लागते.

ओली माती

पावसाळ्याची तुम्हाला सवय आहे, म्हणूनच पावसाळ्याबद्दल लिहिते. सवयीच्या ओढ्यानंच मला अडकवलं होतं. सकाळी घोट्याएवढं पाणी होतं. दुपारी परतताना आमच्या डोक्यावर थेंबही नव्हता, पण वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. आधी पाणी गढूळलं, मग काटक्या-पाला वाहत आला आणि आवाज जाड झाला. बघता बघता पाणी मांडीपर्यंत. आम्ही अलीकडेच उंचावर बसून राहिलो. तीन तासांनी ओढा ओसरला, तेव्हा उतरलो. त्या दिवशी गटातल्या दोघांना घाई झाली होती, आणि त्यांना अडवलं याचं मला आजही समाधान आहे. गढूळ पाणी, पाला, बदललेला आवाज, या तीन खुणा लेकीला पाठ करून द्या. गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात मोठ्यांचेही पाय सुटतात.

विजेचं : चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंद किंवा कमी आले तर धार, माथा, एकटं झाड सोडून तडक खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. खरं तर पहिला गडगडाट ऐकू आला तेव्हाच निघालेलं बरं.

गारठा

हिवाळ्यासाठी महागडं जाकीट लागत नाही, थर लागतात. आतला थर सुती नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलात की अंग काकडतं. त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. चढ सुरू होण्याआधीच एक थर काढा, थांबताक्षणी घाला. दर 1000 मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा पायथ्याच्या हवेवरून माथा ठरवू नका. ओलं अंग आणि वारा एकत्र आले तर 10 अंशांतही शरीर धोकादायक गार होऊ शकतं. बडबडं मूल गप्प झालं, अडखळायला लागलं, तर तिथेच थांबून कोरडे कपडे घाला.

चांदणवेळ

उन्हाळ्यात पहाटे निघा, दहापर्यंत सावलीत या. पण माझा आग्रह रात्रीचा. अमावास्येच्या जवळची रात्र निवडा, फोन बंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्या. विजेरीला लाल कागद लावा. उल्कावर्षावासाठी 13-14 डिसेंबर किंवा 12-13 ऑगस्टच्या आसपास, आभाळ मोकळं असेल तर.

एकाच जागेबद्दल मात्र थोडा वेगळा सूर. मुलांना कंटाळा येतो, वर्षात एखादी नवी जागा हवीच. बर्फाळ डोंगरात गेलात तर 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि गॉगल विसरू नका. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

धारेवरचा

पटलं. कंटाळ्यावर एक उपाय आहे : लेकीला एक खडक निवडू द्या. दर खेपेला त्याच खडकावरून, त्याच दिशेनं एक फोटो तिनं काढायचा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ओढ्याचा अनुभव घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आम्हीही तसाच एक ओढा नेहमी न थांबता ओलांडतो. आता अलीकडे कुठे थांबता येईल ते आधी बघून ठेवू. जागा ठरली : तोच नेहमीचा डोंगर, या रविवारी. परत फिरायची वेळ लेकीनं वहीत लिहून घेतलीय, साडेअकरा. खडक ती तिथे गेल्यावर निवडणार आहे.