प्रतिसाद: मुलांना प्राणी दाखवायला कुठे न्यावं?

लहान मुलांना घेऊन कोल्हापुरातून एका दिवसात प्राणी बघून यायचं, तर पुण्यातल्या कात्रजला जावं का, असा मूळ प्रश्न आहे. कात्रजचं प्राणिसंग्रहालय चांगलंच आहे, पण बुधवारी बंद असतं, आणि जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरचा प्रवास पाच वर्षांच्या पोराला झेपत नाही. तिथं मुक्कामानं जा.

एका दिवसासाठी मी आधी कोल्हापुरातलाच नवा राजवाडा सांगेन. आवारातली हरणं बघून मग संग्रहालयात जा. तिथले पेंढा भरलेले वाघ बघून मुलं हमखास विचारतात, "हे खरे होते?" तेव्हा घाई न करता उत्तर द्या. शाहू महाराजांच्या काळात इथं हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळून शिकवले जात, हे सांगा. पुढं आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाला, हेही सांगा. मुलांना ते कळतं, आणि कळायलाच हवं.

मुलं थोडी मोठी असतील तर कोल्हापूर जिल्ह्यातलंच दाजीपूर. एकेकाळी संस्थानची शिकारीची जागा, १९५८ पासून अभयारण्य. पावसाळ्यात बंद असतं, म्हणून हिवाळ्यात जा आणि पहाटेच निघा. गवा दिसेलच असं नाही. पण दिसला तर काळंभोर धूड आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पोरं बोलायचीच थांबतात. गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका, आणि प्राण्यांना वेफर्स-बिस्किटं तर अजिबात टाकू नका. हे राजवाड्यातल्या हरणांनाही लागू आहे.