निफाडची थंडी, पत्र्याचं घर, वयस्कर आईवडील: खोलीत निखारे ठेवावेत की हीटर घ्यावा?

कादवाकाठ
निफाडजवळ वस्तीवर आई (७४) आणि वडील (७९) दोघंच राहतात. घर विटांचं, वर पत्रे, झोपायची खोली १२ बाय १०. पारा ६-७ अंशांवर उतरला की पहाटे तीननंतर दोघांचाही डोळा लागत नाही. वडिलांना १५ वर्षांपासून मधुमेह आणि बीपी, आईचे गुडघे धरतात. आई रात्री घमेल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवते आणि दार लावते. हे चालेल का? हीटर घ्यायचा तर कोणता? झोपायच्या खाटा नवारीच्या आहेत, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. खाण्यापिण्याचंही सांगा.

उंबरठा
घमेलं आज रात्रीपासून बंद करा, बाकीचं नंतर बघू.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण राख चढलेल्या निखाऱ्याला हवा कमी मिळते आणि नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने धरून ठेवतं, त्यामुळे झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, जागच येत नाही. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून किंवा खिडकी बोटभर उघडी ठेवून हा वायू जात नाही. सकाळी दोघांचंही डोकं एकदमच दुखत असेल, मळमळत असेल, तर ते पित्त समजू नका. आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

शेकायचं तर अंगणात शेका, आणि घरात येण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता.

गॅस गिझरचंही तेच. तो बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर बसवून घ्या, फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, पाचदहा मिनिटं हवा जाऊ द्यायची आणि मग आंघोळीला बसायचं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर नीट जळत नाही, मिस्त्री येऊन जाईपर्यंत वापरू नका.

तांब्याची तार
हीटर घ्यायचाच तर तेल भरलेला, रेडिएटरसारख्या पात्यांचा, २००० वॅटचा घ्या. लालबुंद कॉइलचा नको. त्याच्यासमोर गोधडीचं टोक सरकलं की पेट घेतं, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री ते कळणारही नाही.

२००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवू नका. पिन तापते, प्लास्टिक मऊ होतं आणि आग बोर्डापासूनच सुरू होते. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग एवढं हवंच. वस्त्यांवर अर्थिंगची तार बऱ्याचदा नुसती भिंतीत खोचलेली असते, वायरमनला मीटर लावून तपासायला सांगा.

व्होल्टेजही बघा. २३० च्या जागी १८० येत असेल तर उष्णता सरळ त्याच प्रमाणात घटत नाही, वर्गाने घटते. २००० वॅटचा हीटर तेव्हा १२०० वॅटचंच काम करतो. मग लोक म्हणतात हीटर खराब निघाला.

झोपण्याआधी दोन तास लावला तर रोजचे जास्तीत जास्त चार युनिट. पण पत्रा उघडा असेपर्यंत ऊब वर जाऊन निघून जाते. पैसे आधी छतावर घाला, हीटर नंतर.

वाकळ
वरच्यांशी सहमत, आणि माझ्या मते छताच्याही आधी अंथरूण.

नवारीच्या खाटेला खालून गार हवा लागते. अंगावर तीन पांघरुणं घेतली तरी पाठ गारच राहते, आणि पहाटे तीनला जाग येते ती बहुतेक त्यानेच. क्रम असा लावा: नवारीवर सतरंजी, तिच्यावर घोंगडी, मग कापसाची गादी, मग चादर. घोंगडी टोचते म्हणून ती गादीखालीच बरी. गादी दबून चपटी झाली असेल तर पिंजून घ्या, कारण ऊब धरते ती कापसात अडकलेली हवा, आणि दबलेल्या गादीत ती उरत नाही.

निरभ्र रात्री पत्रा खोलीतल्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणूनच पहाटे त्याला आतून दव सुटतं आणि अंथरुणावर थेंब पडतात. पूर्ण फॉल सीलिंग जमत नसेल तर खाटेवर जाड कापडाचा चांदवा ताणा आणि दिवसा काढून वाळवा. थर्माकोल उघडा लावू नका, लगेच पेटतो. खाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

अंगावर एका जाड स्वेटरपेक्षा सुती बनियन, त्यावर पातळ लोकरी आणि त्यावर सैल शर्ट. कानटोपी रात्रीही. मोजे सैल असावेत, घट्ट मोज्याने पाय उलट गार पडतात.

कादवाकाठ
फार उपयोग झाला. घमेलं बंद केलं. वडिलांच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली तर?

हिरडा
पायाशी ठेवून झोपू देऊ नका. इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. पिशवी भाजते तेव्हा त्यांना नुसतं ऊबदार वाटतं, आणि सकाळी फोड दिसतो. तो भरायला महिने जातात. पिशवी झोपण्याआधी अर्धा तास पांघरुणात ठेवा आणि ते आडवे होताना काढून घ्या. पाणी उकळतं नको. दोनतृतीयांश भरा, हवा दाबून काढा, मग बूच लावा. शेकोटीवर पाय शेकणंही नको. रोज तळवे उजेडात बघा, भेगांना व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको.

थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनाने वाढवू नका. सर्दीवर दुकानातून आणलेल्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनीही बीपी वाढतं. उठताना आधी खाटेवर दोन मिनिटं बसायचं, टोपी-मोजे चढवायचे, मगच बाहेर. आंघोळ ऊन चढल्यावर. तहान लागत नाही म्हणून पाणी तुटतं, तेव्हा कोमट पाण्याचा तांब्या समोरच ठेवा.

पहाटे टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, विहिरीचं ताजं उपसलेलं कोमट. बागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेला ठिबक सोडतात ते याचसाठी. हात-तोंड धुवायला तेच घ्या.

चुलीजवळ
आईंसाठी डिंकाचे लाडू: डिंक १०० ग्रॅम, खारीक पूड २५०, किसलेलं सुकं खोबरं २००, गूळ २५०, तूप साधारण २००, खसखस दोन चमचे. डिंक आधी दोन तास उन्हात ठेवा. मध्यम आचेवर मूठभरच टाका. तूप फार तापलं तर वरून लाल आणि आतून कच्चा राहतो, मग दाताला चिकटतो. एक खडा काढून चिमटीत दाबा. पूर्ण भुगा झाला पाहिजे, मध्ये काचेसारखा कण लागला तर अजून तळायचा. गुळाचा पाक करू नका, नुसता वितळवा. पाक पुढे गेला की लाडू दगड होतात आणि या वयात दात जातो. लिंबाएवढा एक, सकाळी.

वडिलांना हे लाडू नकोत, गूळ-खारीक दोन्ही साखरच. त्यांना हुलग्याचं (कुळथाचं) माडगं द्या, बिनगुळाचं. हुलगे भाजून दळायचे, दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात), लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ बेताचं, दहा मिनिटं उकळू द्यायचं. सोबत बाजरीची एक भाकरी आणि मेथी. माडगं गरम असतानाच वाढा, निवलं की घट्ट होऊन घशात अडकतं.