मदत हवी आहे: नवीन पेट्रोल गाडी चढावर बंद पडते

गाडी छोटी, पाच गिअरची, हिल-होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी काही क्षण धरून ठेवणारी सोय) नाही. आधी बरीच वर्षं डिझेल चालवली. ती पहिल्या गिअरमध्ये रेस न देता नुसत्या क्लचवर सरकायची. ही सपाटीला ठीक चालते, पण जळगावात पुलाच्या चढावर रांगेत थांबलो की उचलताना आचके देऊन बंद पडते. मागे रिक्षा बंपरला चिकटलेली, म्हणजे वीतभर मागे जायचीही सोय नाही.

हॅन्डब्रेक ओढून, रेस देऊन, क्लच पकडून गाडीचं नाक किंचित वर उठलं की ब्रेक सोडतो. तशी उचलते, पण रांग सरकत-थांबत असली की क्लचचा जळका वास येतो. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच क्लच पकडतो. सीट पुढे घेतली, थोडाच फरक पडला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "नवीन आहे, सवय होईल."

पुढच्या आठवड्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढायचाय, घरची मंडळी सोबत. (ऑटोमॅटिक घ्या हा सल्ला नको, पैसे देऊन झालेत!)

नव्या गाडीत क्लच इतका वर पकडणं नॉर्मल आहे, की अ‍ॅडजस्ट करून मागू? आणि चढावर रांगेत वास न येता उचलायला तुम्ही रेस साधारण किती आरपीएमवर ठेवता?