मदत हवी आहे: सुभद्रेची पदं कुठल्या पट्टीत बसवावी?

नमस्कार मंडळी. फोंड्यात आम्ही किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' बसवतोय, १८८२ सालचं. सुभद्रा करतेय सिनेमातली एक अभिनेत्री. पडद्यावर तिला आजवर पार्श्वगायिकेचाच आवाज. इथे स्वतः गाणार. शब्द इतक्या जिवानं म्हणते की ऐकत राहावं! पण काळी चारमध्ये (सप्तकातला चौथा काळा सूर 'सा' धरून) तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गळा आवळतो. काळी दोनला उतरवलं, तर मंद्रातली (खालच्या सप्तकातली) अक्षरं ऑर्गनखाली बुडतात. काल तालमीत ओळीचं शेवटचं अक्षर तिसऱ्या रांगेतही पोचलं नाही.

मला काळी तीन बरी वाटते, ताना कमी करून. मुखड्याला (पदाच्या सुरुवातीच्या ओळीला) मात्र हात लावणार नाही. अर्जुन काळी एकमध्ये गातो. एकाच प्रवेशात ऑर्गनवाल्याने पट्टी कशी बदलावी की कानाला खटकणार नाही? कुणी असं बसवलंय का? कृपया सविस्तर सांगा.