मदत हवी आहे: आईच्या हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.३, कोणता व्यायाम ठेवावा, कोणता सोडावा?

सावनी

आईचं वय ६२, पाळी ४८व्या वर्षी गेली. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) रिपोर्ट: कंबरेचे मणके उणे २.३, खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान उणे १.९. हाड कधी मोडलेलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. रोज ४० मिनिटं चालते. योगवर्गात १२ सूर्यनमस्कार, शिवाय पश्चिमोत्तानासन आणि हलासन. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व दिलं आणि "वजन घेऊन व्यायाम करा" एवढंच सांगितलं. वजन म्हणजे किती? चालणं पुरत नाही का? आसनांपैकी काय थांबवायचं? जिमला जायला ती तयार नाही.

गिरिजा_पी

सावनी, टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त ते. उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया (हाडं विरळ व्हायला लागलेली), उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ झालेली). आई सीमेच्या अगदी जवळ आहेत. व्यायामाआधी एक काम करा: भिंतीला टेकवून उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंमी किंवा जास्त घट असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायचा का ते डॉक्टरांना विचारा. मणका दबला तरी बहुतेकदा "पाठ भरून आली" म्हणून सोडून दिलं जातं. दबलेला मणका निघाला, तर खाली लिहिलेलं काहीही फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय करायचं नाही. औषध लागणार असेल तर व्यायाम त्याची जागा घेत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

चालण्याबद्दल: हृदयाला, साखरेला उत्तम. पण हाडातल्या पेशी सवयीच्या भाराला दाद देत नाहीत. रोजचा तोच रस्ता, तोच वेग, म्हणजे हाडासाठी नवीन काहीच नाही. मणक्यांवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य, खुब्यावर थोडाफार. पोहणं आणि सायकल यांत तर शरीराचं वजन पाणी किंवा सीटच उचलते. चालणं बंद करू नका, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

आसनं: कंबरेतून गोल वाकणं हा खरा धोका. मणक्याचा पुढचा भाग आधीच पोकळ झालेला असतो आणि वाकलं की सगळा दाब तिथेच येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रिया होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना मणक्याची नवी इजा झाली, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटाचे सिट-अप्स बंद. हलासनात तर मान आणि पाठीचा वरचा भाग वाकलेला असताना वरून शरीराचा भार येतो. बसून जोर लावून पीळ देणंही नको.

पहाटवारा

सूर्यनमस्कार घालणाऱ्या सत्तरीच्या कितीतरी बायका ठणठणीत आहेत. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही.

गिरिजा_पी

सूर्यनमस्कार बंद करा असं म्हटलेलंच नाही. बारा स्थितींपैकी अडचण तिसरी आणि दहावी, म्हणजे हस्तपादासन. तिथे हात जमिनीला न नेता समोरच्या खुर्चीवर टेकवा, गुडघे किंचित वाकवा, पाठ सपाट ठेवा. पर्वतासनात टाचा टेकल्या नाहीत तरी चालेल, पण पाठ गोल होता कामा नये. भुजंगासन राहू द्या, ते उलट हवंच आहे. फक्त हातांनी रेटून वर जायचं नाही, पाठीच्या जोरावर जेवढं उचलेल तेवढंच. शलभासन, वृक्षासन, वीरभद्रासन चालतील. वर्गात सगळ्यांबरोबर वेग गाठायच्या नादात पाठ गोल होते, म्हणून बारा घाईने घालण्यापेक्षा चार सावकाश घाला.

लोखंडी_कढई

वजनाचं घरच्या घरी सांगतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, अर्धा तास पुरे.

आधी बिनवजनाचं वाकणं शिकवा. झाडूचा लांब दांडा पाठीला उभा लावा: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला हवा. आता गुडघे थोडे सैल सोडून ढुंगण मागे ढकलत वाका. दांडा एका जागी जरी सुटला तरी पाठ गोल झाली. हे जमेपर्यंत हातात वजन द्यायचं नाही, मग दोन आठवडे लागले तरी लागू देत.

मग दोन पिशव्यांत २-२ लिटरच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, म्हणजे प्रत्येक हाताला २ किलो. पिशव्या जमिनीवर नको, गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर. तशाच पद्धतीने वाकून उचला, ताठ उभं राहा, परत ठेवा. आठ वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज होऊ लागले की प्रत्येक पिशवीत १ लिटरची बाटली वाढवा. बहुतेक जण चुकतात ते इथेच: सहा महिने त्याच बाटल्या. दुसरी चूक शेवटचं वजन ठेवताना, काम संपलं म्हणून पाठ सैल सुटते.

खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दोन वेळा आठ. गुडघ्यासाठी सीटवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवा आणि बसताना मनात तीन मोजत खाली या. रबर बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे खेचणं, दहा वेळा. बँडला चीर पडलीय का ते दर वेळी बघा, तुटला तर सरळ तोंडावर येतो. पालथं झोपून पोटाखाली उशी, हात अंगालगत, छाती चार बोटं वर, पाच मोजून खाली, दहा वेळा. नजर जमिनीकडेच.

शेवटी ओट्याला धरून टाचा उचला आणि धप्पकन सोडा, वीस वेळा. गुडघ्याला त्रास झाला तर हळू सोडा. मग एका पायावर ३० सेकंद, बोटं ओट्यापाशी तयार.

बीपी आहे, त्यामुळे उचलताना श्वास कोंडायचा नाही: उचलताना सोडायचा, ठेवताना घ्यायचा. मांड्या-पाठ एक-दोन दिवस भरून येणं ठीक. मणक्यावर एका ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखणं आलं तर थांबा आणि डॉक्टर गाठा.

सावनी

खूप आभार! परदेशातल्या वयस्क बायका मोठे बारबेल उचलताना दिसतात. आईला तिथवर न्यायचं का?

लोखंडी_कढई

ते बहुधा ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या लिफ्टमोर अभ्यासाच्या धर्तीवर असणार. हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने. झेपेल त्या कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, पाच-पाचचे पाच संच. वजनं उचलणाऱ्या गटाची कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. पण पहिला महिना फक्त हलक्या वजनावर गेला आणि प्रत्येक सत्राला प्रशिक्षक समोर होता. नुसतं बघून घरी करायचं हे काम नाही. बाटल्यांवर तीन-चार महिने नीट झाले की फिजिओकडे पुढचा टप्पा ठरवा.

दुपारचा_चहा

आहाराचं राहिलं. पाळी गेल्यानंतर दिवसाला १२०० मिग्रॅ कॅल्शियमचं लक्ष्य धरतात. गाईच्या १०० मिली दुधातून साधारण १२० मिळतं, १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे आधी ताटातलं मोजा, गोळी उरलेल्यापुरती. प्रथिनांकडे मात्र कुणी बघत नाही. स्नायू वाढायचे तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ग्रॅम तरी हवं.

आणि घरातलं वाकणं! आखूड केरसुणी, ओणवं राहून लादी पुसणं, ओट्याखालचा पिठाचा डबा. लांब दांड्याचा झाडू-पोछा घ्या, डबा कंबरेच्या उंचीवर आणा. बीपीच्या गोळीमुळे रात्री उठताना चक्कर येत असेल तर पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

सावनी

डेक्सा परत कधी? सोसायटीत पुढच्या महिन्यात हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर आहे.

गिरिजा_पी

शिबिरात बहुधा टाचेचा अल्ट्रासाउंड असतो. तो आकडा डेक्साशी ताडता येत नाही, त्यावरून सुधारलं की बिघडलं ठरवू नका. हाडाच्या जुन्या भागाची झीज आणि नव्याची भरणी हा फेरा चार-सहा महिन्यांचा असतो, म्हणून वर्षाच्या आत डेक्सा करून हाती काही लागत नाही. पुढची तपासणी त्याच केंद्रावर, त्याच मशीनवर करा. जुना रिपोर्ट बरोबर न्या आणि टी-स्कोअर नाही, ग्रॅम प्रति चौरस सेंमीमधला घनतेचा आकडा ताडा. एक-दोन टक्क्यांचा फरक मशीनचाच असू शकतो. वर्षभरात घट थांबलेली दिसली तरी व्यायाम लागू पडतोय असं समजा.