लिलावातलं जुनं सागवानी-शिसवी फर्निचर : विकताना योग्य किंमत कशी लावायची? (सांगली)

कृष्णाकाठ :
मदत हवी आहे. जाहीर लिलावात तीन नगांचा एकच लॉट घेतलाय, ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर. पुन्हा विकायचा आहे.

१) सागवानी आरसेदार कपाट, उंची ७ फूट, रुंदी ४ फूट
२) लांब हातांची आरामखुर्ची, वेताची वीण मध्ये फाटलेली
३) शिसवी गोल टेबल, व्यास ३ फूट, वर पांढरे डाग

बोली ३८,००० ला तुटली. लिलावदाराची फी १० टक्के म्हणजे ३,८००, त्या फीवर १८ टक्के जीएसटी ६८४, हमाली आणि टेंपो मिळून ४,५००. एकूण ४६,९८४.

मिस्त्रींचा अंदाज : कपाटाचं जुनं पॉलिश काढून नवीन करायला १२,०००, खुर्ची विणायला ४,०००, टेबलाला २,०००. ओळखीचे म्हणतात डोळे झाकून दुप्पट लावा. ऑनलाइन असंच कपाट ८५,००० ला दिसतंय. गिऱ्हाईकाला लुबाडायचं नाही आणि आपणही बुडायचं नाही, असा आकडा कसा काढायचा?

हिशेबनीस :
दुप्पट हा हिशेब नव्हे, सवय आहे. तुम्ही किती मोजले याच्याशी गिऱ्हाईकाला देणंघेणं नसतं. खर्चावरून फक्त ‘याखाली द्यायचं नाही’ ही रेघ कळते. वरची रेघ बाजार ठरवतो.

आधी लॉटची फोड करा. तीन नग म्हणून भागिले तीन करू नका. आज पॉलिश न करता सांगलीत प्रत्येकाला काय मिळेल ते लिहा. धरून चालू कपाट ३०,०००, खुर्ची १२,०००, टेबल १८,०००. बेरीज ६०,०००, म्हणजे वाटा ५०, २० आणि ३० टक्के. त्या प्रमाणात ४६,९८४ वाटले की कपाट २३,४९२ ला पडलं, खुर्ची ९,३९७ ला, टेबल १४,०९५ ला.

आता दुरुस्ती. १२,००० घालून कपाट ४२,००० ला जाणार असेल आणि न घालता ३०,००० ला, तर दीड महिना जागा अडवून तुम्ही मिस्त्रीचा पगार काढलात, बाकी काही नाही. दुरुस्तीच्या दर रुपयामागे किंमत निदान दीड रुपया वाढत असेल तरच हात घाला. खुर्चीचं तसं आहे, कारण फाटक्या विणीच्या खुर्चीवर कुणी बसूनच बघत नाही.

८५,००० विसरा. ती मागणी आहे, विक्री नव्हे. तीच जाहिरात दोन महिन्यांनी तिथेच लोंबकळत असेल तर तो आकडा चुकलाय एवढंच त्यातून कळतं. त्यापेक्षा पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात दोन फोन करा. एकदा ‘विकायचंय’ म्हणून विचारा, एकदा ‘घ्यायचंय’ म्हणून. खरा भाव या दोन उत्तरांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो तिथला भाव. टेंपो भाडं वजा करून मगच सांगलीचा धरा.

सातारी रंधा :
किंमत नंतर. आधी कपाट नीट बघा आणि इथे लिहा :

– खालच्या आणि वरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सारखेच आहेत का? कुठे स्टार स्क्रू दिसतोय का? स्टार स्क्रू १९३० च्या दशकात निघाले. तो मूळ जागी असेल तर ‘इंग्रजांच्या काळातलं, १९०० सालचं’ वगैरे बोलू नका. एखादाच असेल तर दुरुस्ती झालीय.
– पाठीला फळ्या आहेत की प्लायवूड?
– खण उलटा करून तळाचं लाकूड बघा. वरून काळं पॉलिश मारून साधं लाकूडही शिसवी करता येतं, खणाच्या तळाला कुणी ते कष्ट घेत नाही.
– पायांजवळ पिठासारखी बारीक भुकटी पडते का? पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या भागाला लागतो. मातीचे पोपडे असतील तर वाळवी.

कृष्णाकाठ :
बघितलं. पाठीला फळ्याच आहेत, मधल्या दोन नव्या वाटतात. स्टार स्क्रू नाही. भुकटी नाही. बिजागऱ्या पितळी आहेत, पण खालच्या जोडीचे स्क्रू गंजून डोकी झिजलीत, वरचे स्वच्छ. कुलपाच्या खोबणीत टाचणी फिरवली तर सुकलेला मऊ गाळ निघाला. आरशाला काळे ठिपके आहेत, तेही खालच्या वीतभरातच.

सातारी रंधा :
मग सांगायची गरज नाही की ओ. कपाट पुरात उभं होतं. २००५, २०१९, २०२१, कुठला पूर ते सांगता येणार नाही, पण पाणी खालच्या बिजागरीच्या वर गेलेलं आहे.

घाबरू नका, भरीव साग पुरातून उठतो. जातो तो सांधा. जुन्या कामात कुसू (एका लाकडाचं टोक, जे दुसऱ्याच्या खाचेत बसतं) सरसाने, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोंदाने, बसवलेलं असतं आणि सरस पाण्याने सुटतो. कपाट एका कोपऱ्यातून हलकेच ढकला. चौकट तिरकी डुलली तर कुसवं सैल झालीत. त्यावर खिळे ठोकू देऊ नका, लाकूड फाटतं आणि किंमत तिथेच अर्धी होते. सांधा उघडायचा, गरम पाण्याच्या फडक्याने जुना सरस पुसायचा, वाळू द्यायचं, नवीन सरस लावून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) आवळून रात्रभर ठेवायचं.

आरसा बदलू नका. जुन्या काचेचे ठिपके चालतात, कोरा आरसा डोळ्यात खुपतो.

मिरज पॉलिश :
टेबलाबद्दल. न दिसणाऱ्या जागी कापसाला स्पिरिट लावून अर्धा मिनिट टेकवा. चिकट होऊन रंग कापसावर आला तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयूसारखं रासायनिक पॉलिश चढवलंय.

लाख असेल तर सगळं खरवडून काढायला देऊ नका, मिस्त्री मशीन लावून जुना रंगच घालवतात. पांढरे डाग म्हणजे बहुतेक वेळा लाखेत शिरलेला ओलावा. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली मलमलची पोटली डागावरून भरभर फिरवा, थांबवायची नाही. डाग गेला की वर पातळ हात : १ लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून. काचेच्या बरणीत करा. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. आणि पावसाळी हवेत हे काम काढूच नका, हात फिरवतानाच पुन्हा पांढरं पडतं.

हे सगळं ३००-४०० रुपयांच्या सामानात होतं, २,००० लागत नाहीत. मिरजेला सतारमेकर गल्लीत लाख हाताने चढवणारे आहेत. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर फिरणारा हात टेबलावरही फिरतो, विचारून बघा.

खुर्ची विणायला देताना एकच बोला : वेत खरा हवा. प्लॅस्टिकचा वेत स्वस्त पडतो, पण जाणकार गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. चौकटीच्या भोकांमधली भिंत तडकली असेल तर आधी सुतार, मग वीण. उलटं केलं तर पहिल्या ताणातच चौकट उकलते.

हिशेबनीस :
पूर निघाला म्हणजे फोड पुन्हा करा. कपाट आहे तसं २०,००० च धरा. बेरीज ५०,०००, वाटे ४०, २४, ३६ टक्के. आता कपाट १८,७९४ ला पडलं, खुर्ची ११,२७६ ला, टेबल १६,९१४ ला. अख्ख्या लॉटमध्ये ३,०१६ सुटतात, तेही घासाघीस न होता. स्पष्टच लिहितो, बोली चढली.

पुढच्या वेळी उलटीकडून या. विक्री ५०,०००, त्यातले २५ टक्के आपले, उरले ३७,५००. टेंपो-हमाली ४,५०० वजा, ३३,०००. फी आणि त्यावरचा कर मिळून बोलीवर ११.८ टक्के चढतात म्हणून भागिले १.११८ : साधारण २९,५००. हा आकडा खिशातल्या चिठ्ठीवर, आणि त्याच्या पुढे हात वर करायचा नाही.

या लॉटमध्ये पैसे खुर्ची आणि टेबलच देतील. दोन्ही फ्लॅटच्या दारातून जातात. ७ फुटी कपाटाला लिफ्ट नाही आणि जिन्याचं वळणही नाही, म्हणून त्याचं गिऱ्हाईक वाई-पाचगणीकडच्या बंगल्यात, रिसॉर्टमध्ये शोधा. वरचा मुकुट आणि दारं सुटी होतात का बघून जाहिरातीत तसं लिहा.

कृष्णाकाठ :
म्हणजे कपाट पुरातलं आहे हे सांगायचंच? आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचं’ असं लिहिलं तर भाव चढतो म्हणतात.

हिशेबनीस :
दोन्हीकडे जपून. १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे प्राचीन वस्तू) कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. पुराव्याशिवाय शंभरी मिरवली तर भाव चढण्याआधी प्रश्न चढतील. ‘जुनं, भरीव साग, कुसवाचे सांधे’ एवढं पुरे. हस्तिदंताचं जडावकाम असलेला नग मात्र घेऊच नका, त्याचा व्यापार बंद आहे.

कर : नुसत्या मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर वापरलेल्या मालावर विक्री वजा खरेदी एवढ्या फरकावर कर भरता येतो, मात्र खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) घ्यायचं नाही. म्हणून लिलावाची पावती जपून ठेवा.

पुराचं पावतीवरच लिहा : ‘खालचा भाग पाण्यात होता, सांधे नव्याने बसवले, पाठीच्या दोन फळ्या बदललेल्या, आरसा मूळ.’ खाली गिऱ्हाईकाची सही. २४,००० सांगा, २१,००० ला सोडा.

सातारी रंधा :
आणि फोटोत तो गंजका स्क्रू जवळून दाखवा. कपाट पोचल्यावर दिसला तर परतीचा टेंपो तुमच्याच माथी.